पुढचा बाँड कोण? आधी जन्मसाल सांगा

२०२५ च्या गणपतीत आमच्या पार्ल्याच्या घरी जेम्स बाँडवरून भांडण लागलं. दीड दिवसाचा गणपती, पानावर तीन पिढ्या: मामा ७२ वर्षांचा, मी ४६ ची, भाची २० ची. तिने फोनवर पुढच्या बाँडसाठी चर्चेत असलेल्या नटांची नावं वाचायला घेतली. मामाने मोदकाचं नाक मोडलं, आत तुपाची धार सोडली आणि निकाल देऊन टाकला, "यातला एकही नाही. रॉजर मूर गेला, बाँड संपला." मी ब्रॉस्ननचं नाव काढलं. भाचीने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आम्ही दोघं मिळून कॅसेटी विकायला काढल्यात आणि रद्दीवाल्याला त्या नको आहेत.

आरतीच्या तबकाशेजारी मंडळाच्या वर्गणीची पावती पडली होती. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. कारण आपण सगळे चेहऱ्यावरून भांडतो, पण बाँड ठरतो तो वय, करार आणि मालकी या तीन गोष्टींवर. चेहरा त्यानंतर येतो.

आधी आमचं तिघांचं बघा. मामाचा जन्म १९५३ चा. रॉजर मूरचा पहिला बाँडपट १९७३ साली आला तेव्हा तो २० वर्षांचा होता. ब्रॉस्नन १९९५ साली आला तेव्हा मी १६ ची होते, व्हीटीजवळच्या थिएटरात मैत्रिणींबरोबर कॉलेज बुडवून गेले होते. भाची जन्मली २००५ साली, डॅनियल क्रेगची निवड जाहीर झाली त्याच वर्षी, आणि त्याचा शेवटचा चित्रपट तिने सोळाव्या वर्षी पाहिला. ऐन विशीच्या आसपास जो दिसला तो खरा बाँड, बाकीचे बदली कामगार. (ब्रॉस्ननचा जन्मही १९५३ चाच, हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्याने नकळत पोट आत घेतलं.)

मराठी माणसाला हे नवीन नाही. बाँडचा पहिला चित्रपट ५ ऑक्टोबर १९६२ ला लंडनमध्ये झळकला. तीनच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, दिल्लीत अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे इतका डोक्यात बसला, की पुढे गिरीश ओकांनी ती भूमिका केली तेव्हाही मध्यंतरात चहा पिताना लोक आधी पणशीकरांबद्दलच बोलायचे. भूमिका नटापेक्षा मोठी झाली की नव्या माणसाला दोन कामं करावी लागतात: भूमिका करायची आणि आधीच्याला विसरायला लावायचं. बाँडची भूमिका आजवर सहा जणांनी केली. शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन, डॅनियल क्रेग. १९६२ ते २०२१, मूळ कंपनीचे २५ चित्रपट.

आता वय. पहिला बाँडपट पडद्यावर आला तेव्हा कॉनरी ३२, लेझनबी ३०, मूर ४५, डाल्टन ४१, ब्रॉस्नन ४२ आणि क्रेग ३८ वर्षांचा होता. यातली गंमत अशी, की मूर कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. म्हणजे धाकट्याच्या जागी थोरला आला आणि बारा वर्षं टिकला. १९८५ च्या शेवटच्या चित्रपटात तो ५७ चा होता. नायिकेची आई आपल्यापेक्षा वयाने लहान आहे हे कळल्यावर आता थांबायला हवं असं वाटलं, हे त्याने स्वतःच पुढे हसत हसत सांगितलं. मामाला हा किस्सा आवडला नाही.

पण त्या काळी चित्रपट भराभर निघत. कॉनरीचे पहिले पाच चित्रपट १९६२ ते १९६७ मध्ये आले. क्रेगचेही चित्रपट पाचच, त्यांना लागली पंधरा वर्षं: २००६, २००८, २०१२, २०१५, २०२१. मधे निर्मात्या स्टुडिओची आर्थिक ओढाताण झाली, दिग्दर्शक बदलले, शेवटी कोविड आला. ३८ व्या वर्षी आलेला क्रेग ५३ व्या वर्षी गेला. या एका फरकाने सगळं गणित फिरलं. चित्रपट दरवर्षी निघतो तेव्हा पंचेचाळिशीचा नट चालतो. तीन-चार वर्षांनी निघतो तेव्हा चालत नाही.

पावतीवरचा हिशेब असा. निर्मात्याला एका नटाकडून किमान चार चित्रपट हवेत. दर तीन वर्षांनी एक धरला तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत नऊ वर्षं, आणि काही ना काही अडतंच म्हणून बारा धरा. इतकी वर्षं बाँडची निर्मिती सांभाळणाऱ्या बार्बरा ब्रोकोलीही हेच सांगत आल्या, की ही दहा-बारा वर्षांची बांधिलकी आहे. शेवटच्या चित्रपटात माणूस पन्नाशीच्या आत हवा, छतावरून उडी मारताना गुडघा धरून बसायला नको. पन्नासातून बारा गेले, उरले अडतीस. समजा पुढचा चित्रपट २०२८ साली आला (मी फक्त बेरीज-वजाबाकीसाठी साल धरतेय), तर नटाचा जन्म १९९० च्या आधीचा नको.

एवढ्यावर अर्धी यादी गळते. इद्रिस एल्बाचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं, पण तो १९७२ चा. हेन्री कॅव्हिल १९८३ चा, म्हणजे तेव्हा ४५. त्याचं नशीब बघा: २००५ च्या निवडीत तो शेवटच्या काही जणांत होता, पण २२ वर्षांचा पोरगा म्हणून मागे पडला. तेव्हा लहान, आता मोठा. मधली वर्षं दुसऱ्याची होती. ॲरन टेलर-जॉन्सन आणि कॅलम टर्नर दोघं १९९० चे, अगदी उंबरठ्यावर. हॅरिस डिकिन्सन आणि टॉम हॉलंड १९९६ चे, जेकब एलॉर्डी १९९७ चा, म्हणजे वयाला भरपूर वाव.

मग विशीतलाच का घेत नाहीत? कारण बाँड नौदलातला कमांडर आहे. त्या हुद्द्यापर्यंत पोचायला नोकरीत काही वर्षं काढावी लागतात. माणूस मारल्याचा शीण चेहऱ्यावर दिसायला हवा, आणि तो मेकअपने आणता येत नाही. टिमथी डाल्टनला विशीतच विचारणा झाली होती. आपण फार लहान आहोत म्हणून त्यानेच नको म्हटलं आणि पुढे चाळिशी ओलांडून आला.

करारानेही बाँड घडतात आणि मोडतात. निर्माता नटाला एका चित्रपटापुरता घेत नाही, पुढच्या चित्रपटांचा हक्क आधीच बांधून घेतो. पहिलं यश मिळाल्यावर नटाने मानधन दुप्पट मागू नये हा साधा व्यवहार. लेझनबी मॉडेल होता, ऑस्ट्रेलियन, अभिनयाचा अनुभव जवळपास शून्य. कॉनरीने शिवायला टाकलेला आणि न नेलेला सूट विकत घेऊन, कॉनरीच्याच न्हाव्याकडे केस कापून तो निर्मात्यांसमोर गेला, असं तो सांगतो. भूमिका मिळाली. पुढे सात चित्रपटांचा करार समोर आला, तर सल्लागाराचं ऐकून नको म्हणाला. बाँडचे दिवस संपले असं त्या सल्लागाराचं मत होतं. १९६९ चा तो एक चित्रपट, बस्स.

ब्रॉस्ननची कथा तर मला आजही लागते. १९८६ साली त्याची निवड जवळपास झालीच होती. तो काम करत असलेली टीव्ही मालिका बंद पडली होती, पण तिचा करार अजून वाहिनीच्या हातात होता. हा बाँड होणार म्हटल्यावर मालिकेची चर्चा वाढली, वाहिनीने करारातलं कलम वापरून मालिका पुन्हा सुरू केली आणि ब्रॉस्नन अडकला. निर्मात्यांना टीव्हीवर दर आठवड्याला फुकट दिसणारा बाँड नको होता. डाल्टन आला, १९८७ आणि १९८९ असे दोन चित्रपट करून गेला, मग कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं एकही बाँडपट निघाला नाही. ब्रॉस्ननला भूमिका मिळाली तोवर तो ४२ चा झाला होता. बाँडच्या बातमीनेच त्याच्या हातून बाँड काढून घेतला होता.

आता माझं स्वतःचं मत, पटलं तर घ्या: प्रत्येक नवा बाँड म्हणजे आधीच्या बाँडला दिलेलं उत्तर असतं. मूरच्या भुवया आणि विनोद अती झाले तेव्हा डाल्टनचा कोरडा, चिडका बाँड आणला. तो लोकांना जड गेला तेव्हा ब्रॉस्ननचं गुळगुळीत हसू आणलं. त्याच्या अखेरच्या चित्रपटात अदृश्य होणारी गाडी आली आणि पुरे झालं, मग क्रेगसारखा मार खाणारा, रक्ताळलेला माणूस आणला. म्हणून आत्ता "क्रेगसारखाच कोणी हवा" म्हणणारे बहुधा निराश होणार. तसं कधीच झालेलं नाही.

चाहत्यांचा अंदाज किती चुकतो हे क्रेगच्याच वेळी दिसलं. १४ ऑक्टोबर २००५ ला थेम्स नदीवरून वेगवान बोटीतून त्याला पत्रकारांसमोर आणलं. अंगात लाइफ जॅकेट! बाँड आणि लाइफ जॅकेट? त्यावरून चेष्टा झाली, सोनेरी केसांवरून झाली, बहिष्काराच्या हाका झाल्या. वर्षभराने चित्रपट आला, जगभरात सुमारे ६० कोटी डॉलर कमावले, आणि क्रेगला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं. २०१२ चा 'स्कायफॉल' १०० कोटी डॉलरच्या वर गेला. बहिष्कारवाले बहुतेक तेव्हा तिकिटाच्या रांगेत उभे होते.

आता मालकी, म्हणजे ठरवतं कोण. गिरगावातली जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. १९६१ साली हॅरी सॉल्ट्झमनकडे इयान फ्लेमिंगच्या पुस्तकांचे हक्क होते, अल्बर्ट ब्रोकोलीकडे पैसा उभा करण्याची ओळखपाळख होती. दोघांनी भागीदारी केली, युनायटेड आर्टिस्ट्सने भांडवल घातलं. १९७५ मध्ये सॉल्ट्झमन कर्जात आला आणि आपला अर्धा हिस्सा त्याच स्टुडिओला विकून बाहेर पडला. १९८१ मध्ये तो स्टुडिओ एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओकडे गेला. म्हणजे अर्धी चाळ घरमालकाची, अर्धी सतत हात बदलणारी. पण कुठली खोली कोणाला द्यायची, हे ब्रोकोली कुटुंबच ठरवत राहिलं: आधी अल्बर्ट, नंतर मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकल विल्सन. नट निवडताना घरातल्या टेबलाभोवती बसून बोलणं व्हायचं. म्हणून निवड हळू व्हायची, आणि म्हणून क्रेगसारखी धाडसीही व्हायची.

मग बिल्डर आला. ॲमेझॉनने ८४५ कोटी डॉलरला एमजीएम घेतली, हा सौदा २०२२ च्या मार्चमध्ये पूर्ण झाला. तरीही बाँड हलेना, कारण संमती कुटुंबाची लागत होती. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये करार झाला: कुटुंब सहमालक राहिलं, सर्जनशील निर्णय मात्र ॲमेझॉनकडे गेले. घरमालक चाळीत राहिले, पण भिंत कुठली पाडायची हे आता बिल्डर सांगणार. मार्चमध्ये एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते जाहीर झाले, जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह, जुलैअखेर लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. म्हणजे आम्ही मोदक खात होतो तेव्हा आर्किटेक्ट ठरला होता, नकाशा काढायला दिला होता, राहायला येणारा माणूस तेवढा ठरायचा होता.

हेमनच्या नावाकडे मी जरा जास्त लक्ष देते. हॅरी पॉटरचे चित्रपट त्याचे. अनोळखी मुलांना घेऊन दहा वर्षं त्यांना पडद्यावर मोठं करणं ज्याने केलंय, त्याला दहा-बारा वर्षांच्या बांधिलकीची भीती वाटणार नाही. आणि अनोळखी चेहऱ्याचा फायदा असा, की तो स्वतःची आधीची प्रतिमा सोबत आणत नाही. पडद्यावर बाँड दिसतो, अमुक सुपरहिरो सुटात आलाय असं वाटत नाही. भाचीचा लाडका टॉम हॉलंड, म्हणजे पडद्यावरचा स्पायडरमॅन, मला म्हणूनच पटत नाही. तो आला की भिंतीवर चढेल असंच वाटणार.

चाचणी कशी होते तेही सांगते, कारण मामाला वाटत होतं मारामारी करून दाखवावी लागते. बहुतेकांना १९६३ च्या, म्हणजे क्रमाने दुसऱ्या, बाँडपटातला एक प्रवेश करायला देतात: बाँड हॉटेलच्या खोलीत शिरतो आणि त्याच्या पलंगावर एक अनोळखी रशियन मुलगी असते. त्यात धोका, चेष्टा, आकर्षण आणि संशय एकाच मिनिटात दाखवावं लागतं. मूर सोडून जाईल या भीतीने निर्मात्यांनी जेम्स ब्रोलिनकडून तो करून घेतला, पुढे सॅम नीलनेही केला. दोघंही चांगले नट. झालं नाही.

बातम्यांमध्ये "अमुक सर्वात पुढे" असं वाचलं की एक लक्षात ठेवा. ते आकडे बहुतेक वेळा ब्रिटनमधल्या सट्टेवाल्यांच्या भावांवरून येतात. भाव उतरतो तो आतली खबर मिळाली म्हणूनच असं नाही, त्या नावावर पैसे लागले म्हणूनही. भाव उतरला की बातमी होते, बातमी वाचून आणखी पैसे लागतात, भाव आणखी उतरतो. २०२४ च्या मार्चमध्ये एका ब्रिटिश दैनिकाने टेलर-जॉन्सनला भूमिका देऊ केल्याची बातमी दिली होती. दीड वर्षाने, आमच्या गणपतीपर्यंत, तिचं काहीही झालं नव्हतं. विचारल्यावर नट काय म्हणतात? लखोबाचंच वाक्य.

बाँड "अस्सल इंग्लिश"च हवा हा हट्टही इतिहासात टिकत नाही. कॉनरी स्कॉटिश, लेझनबी ऑस्ट्रेलियन, डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, ब्रॉस्नन आयरिश. सहातले दोनच इंग्लिश. खुद्द फ्लेमिंगने पुस्तकात बाँडचे वडील स्कॉटिश आणि आई स्विस लिहिली. वर्णाबद्दल बार्बरा ब्रोकोलींनी २०२० साली सांगितलं होतं, की तो कुठल्याही रंगाचा असू शकतो, पण पुरुष असेल. आता निर्णय त्यांचा राहिलेला नाही. बाईबद्दल वाद घालणारे दोन गोष्टींची गल्लत करतात: ००७ हे पद आहे, जेम्स बाँड हे माणसाचं नाव. २०२१ च्या चित्रपटात लशाना लिंचने ००७ हा क्रमांक घेतलाही होता, आभाळ कोसळलं नाही.

"जेम्स बाँड हे सांकेतिक नाव आहे, म्हणून माणसं बदलतात" अशीही एक थिअरी फिरते. ती खोटी. १९६९ मध्ये लेझनबीच्या बाँडची बायको मरते आणि १९८१ मध्ये मूरचा बाँड तिच्याच थडग्यावर फुलं ठेवतो. एकच माणूस, निदान २००६ पर्यंत. क्रेगपासून गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली, आणि ज्यांनी शेवटचा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हे वाक्य सोडून द्यावं: त्यात तो मरतो. म्हणजे पुढचा पुन्हा शून्यापासून.

इथपर्यंत येईतो उत्तरपूजेची वेळ झाली होती. मामा बराच वेळ गप्प होता. उदयपूरला चित्रित झालेल्या १९८३ च्या बाँडपटात कबीर बेदी आणि विजय अमृतराज होते, तेव्हापासून त्याचं मत आहे की बाँडवर आपलाही थोडा हक्क आहे. (आपल्या सेन्सॉरने तो हक्क २०१५ मध्ये वेगळ्या पद्धतीने बजावला, क्रेगची चुंबनं निम्म्यावर आणली, त्यावर "संस्कारी बाँड" म्हणून देशभर हसं झालं.) मामाने विचारलं, "मग आपणच मराठीत काढला तर?"

प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. फ्लेमिंग १९६४ च्या ऑगस्टमध्ये वारला, म्हणजे भारतात त्याच्या पुस्तकांवरचा हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, तिथे तो २०३४ च्या अखेरीपर्यंत चालेल. पण बंदुकीच्या नळीतून दिसणारा गोल, ती धून, पिस्तुलाच्या आकाराचं ००७ चं चिन्ह हे काही फ्लेमिंगच्या पुस्तकांत नाही. ते चित्रपटांचं, त्याचे हक्क वेगळे, ट्रेडमार्क वेगळे. पार्ल्यात काढलेला बाँड लंडनला दाखवायचा तर तिथला कायदा लागणार. थोडक्यात, कथा घेता येईल, थाट घेता येणार नाही.

"थाट आपला आहे की," मामा म्हणाला आणि एका मराठी नटाचं नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही, त्यांचे चाहते आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहतात.

भाचीने माझ्या हातातून पेन घेतलं, पावती उलटी केली आणि विचारलं, "मामाआजोबा, जन्मसाल?"